लेझर कटरवर कॅमेरा: बसवण्यापासून जुळवण्यापर्यंत

पुण्यात भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून एमडीएफची शीट आणली, तिथंच आपल्या मशीनच्या बेडच्या, म्हणजे माल ठेवायच्या तळाच्या, मापाचे तुकडे पाडून घेतले, दोन-चार नावाच्या पाट्या कापल्या, की हातात उरतो तो भोकं पडलेला वाकडातिकडा तुकडा. त्यात अजून तीन कीचेन सहज बसतील हे डोळ्याला दिसत असतं. पण किरण सोडणारं लेझर हेड नेमकं तिथं न्यायचं म्हणजे फ्रेम (डिझाइनच्या कडेनं हेड फिरवून दाखवणारं बटण) दाब, बघ, दोन मिलिमीटर सरकव, पुन्हा फ्रेम दाब, असे हेलपाटे. शेवटी कंटाळून तुकडा कोपऱ्यात जातो आणि नवी शीट लागते. वरून बघणारा कॅमेरा या हेलपाट्यांसाठी असतो. बेडचं चित्र थेट सॉफ्टवेअरमध्ये दिसतं आणि डिझाइन उचलून तुकड्यावर ठेवलं की काम झालं. गिऱ्हाइकानं आणून दिलेला लाकडी पाट, डायरीचं कव्हर, आधीच कापलेली ट्रॉफी अशा तयार वस्तूंवर कोरायचं असेल, तर याचा फायदा आणखी जाणवतो.

अपेक्षा मात्र आधीच आटोक्यात ठेवा. घरगुती किंवा छोट्या दुकानातल्या मशीनवर, नीट बसवलेल्या कॅमेऱ्यानं बेडभर साधारण एक मिलिमीटरच्या आत जागा साधली तर ते उत्तम काम समजायचं. बेडच्या मध्यभागी याहून चांगलं साधतं, कोपऱ्यांत थोडं कमी. ज्या कामात दोन-तीन दशांश मिलिमीटरची चूकसुद्धा चालत नाही, तिथं कॅमेरा बाजूला ठेवून जिग, म्हणजे वस्तू दर वेळी त्याच जागी बसवणारा साचा, करावा. हे आधी कळलं तर पुढं चिडचिड होत नाही.

दुसरी गोष्ट, आणि या लेखातली मुख्य गोष्ट तीच आहे: नवीन माणूस बहुतेक वेळ सॉफ्टवेअरमधल्या बटणांवर घालवतो, आणि चूक बहुतेक वेळा लोखंडात असते. सॉफ्टवेअर एवढंच लक्षात ठेवतं की कॅमेऱ्याला चित्रात अमुक ठिकाणी दिसणारा बिंदू मशीनच्या अमुक एक्स-वायवर आहे. कॅमेरा हलला, मालाची उंची बदलली किंवा मशीनचं शून्य, म्हणजे जिथून ते मापं मोजतं ती जागा, सरकलं, की ते लक्षात ठेवलेलं खोटं ठरतं. स्क्रीनवर काहीच बदललेलं दिसत नाही, म्हणून ते कळतही नाही.

आधी मशीन

कॅमेरा खोक्यातून काढायच्या आधी मशीन तपासा. सॉफ्टवेअरमध्ये ३०० मिमीची रेघ काढून पुठ्ठ्यावर हलकी मारा आणि स्टीलच्या पट्टीनं मोजा. ती २९८ किंवा ३०२ भरत असेल, तर आधी ते माप दुरुस्त करा. मशीनच चुकीचं मोजत असेल तर कॅमेरा कशाला जुळवणार? हेच वायमध्येही करा. मग मोठ्या आयताचे दोन्ही कर्ण मोजून बघा. ते सारखे नसतील तर गॅन्ट्री (हेड वाहून नेणारा आडवा दांडा) काटकोनात नाही.

त्यानंतर होमिंग, म्हणजे हेडनं ठरलेल्या कोपऱ्यात जाऊन शून्य शोधणं. मशीनला लिमिट स्विच (हेड टोकाला पोचल्याचं सांगणारे) असले पाहिजेत आणि दर वेळी चालू केल्यावर होम झालं पाहिजे. स्वस्तातल्या काही डायोड (निळ्या किरणाच्या) मशीनना हे स्विच नसतात. जिथं हेड असेल तिथं ते शून्य मानतात. अशा मशीनवर कॅमेरा जुळवला तर तो पुढच्या वेळी वीज येईपर्यंतच खरा. गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज बंद असते हे पुणेकरांना वेगळं सांगायला नको. स्विच लावून घ्या, किंवा निदान हेड दर वेळी एकाच कोपऱ्यात टेकेल असे पक्के अडसर बसवा. लेझर चालवायचं लाइटबर्न हे सॉफ्टवेअर वापरत असाल तर ‘स्टार्ट फ्रॉम’मध्ये ‘अॅब्सोल्यूट कोऑर्ड्स’ निवडलेलं ठेवा. ‘करंट पोझिशन’वर ठेवून कॅमेऱ्याच्या चित्राप्रमाणे काम केलं, की डिझाइन भलतीकडेच जाळलं जातं, आणि दोष बिचाऱ्या कॅमेऱ्यावर येतो.

कॅमेरा निवडताना

यूएसबीवर चालणारा, फोकस हातानं फिरवून पक्का करता येणारा कॅमेरा घ्या. ऑटोफोकसचा वेबकॅम नको. फोकस बदलला की लेन्स आत सरकते आणि चित्राचं प्रमाणही थोडं बदलतं. आज जुळवलेलं उद्या जुळत नाही. ऑटोफोकस बंद करायची सोय असेल आणि ती खरंच बंद राहत असेल, तर चालेल.

मग कोन. कॅमेऱ्याचा आडवा कोन ६० अंश असेल, तर तो जेवढ्या उंचीवर असेल त्याच्या साधारण १.१५ पट रुंदी त्याला दिसते. ९० अंशाचा असेल तर दुप्पट. १२० अंशाचा असेल तर जवळजवळ साडेतीन पट. आता ६०० बाय ४०० मिमीचं बेड घ्या. दोन्ही बाजूंना थोडी जागा धरून ६६० मिमी दिसायला हवं, म्हणजे ६० अंशाचा कॅमेरा बेडपासून सुमारे ५७० मिमी वर लागेल.

इथं दोन जागी लोक फसतात. पहिली म्हणजे विक्रेता जो कोन छापतो तो बऱ्याचदा कर्णातला असतो. चाराला तीन या प्रमाणाच्या सेन्सरवर कर्णात ७५ अंश म्हणजे आडवे सुमारे ६३ अंशच. दुसरी म्हणजे चित्राचं प्रमाण. चाराला तीनच्या सेन्सरवर ६६० मिमी रुंदीला ४९५ मिमी उंची दिसते, बेड आरामात मावतं. तेच सोळाला नऊच्या फुल एचडी कॅमेऱ्यात ३७१ मिमीच दिसतात, म्हणजे ४०० मिमीच्या बेडचा वरचा-खालचा पट्टा कापला जातो. तो वर चढवावा लागतो, मग बारकावे कमी होतात. पाच मेगापिक्सेलच्या २५९२ पिक्सेल रुंद चित्रात ६६० मिमी मावले तर एक पिक्सेल पाव मिलिमीटरचा पडतो. फुल एचडीत एक तृतीयांशाचा. मला विचाराल तर पाच मेगापिक्सेल पुरे.

फार रुंद कोनाच्या, माशाच्या डोळ्यासारख्या लेन्सचा मोह टाळा. त्या जवळून सगळं दाखवतात खऱ्या, पण कडेचे पिक्सेल ताणून सरळ करावे लागतात आणि जाडीची चूक, जिच्याबद्दल पुढं सविस्तर येईलच, ती अशा जवळच्या कॅमेऱ्यात कितीतरी मोठी होते.

केबल पाच मीटरच्या आत ठेवा. साध्या यूएसबी २ केबलची मर्यादा तेवढीच आहे. त्याहून लांब हवी असेल तर अॅक्टिव्ह एक्स्टेन्शन घ्यावं लागतं. केबल, क्लिपा, एलईडी पट्टी, कोपऱ्याचे छोटे ब्रॅकेट हे सगळं बुधवार पेठेत तापकीर गल्लीत एका फेरीत होतं. कॅमेरा मॉड्यूल मात्र बहुतेक जण ऑनलाइनच मागवतात.

कुठं आणि कशावर

छताला? नको. भाड्याच्या गाळ्यात हे करायचा मोह होतो, कारण स्लॅबला एक हूक तयार असतो. पण मशीन चाकांवर असतं, झाडताना कुणीतरी ते चार बोटं सरकवतं आणि सगळं जुळवणं वाया जातं. शेजारी पंखा फिरत असेल तर चित्र हलतं ते वेगळंच. कॅमेरा आणि बेड एकाच सांगाड्याला बांधलेले असले पाहिजेत, म्हणजे मशीन सरकलं तरी दोघं मिळून सरकतील.

सीओटू (कार्बन डायऑक्साइडच्या ट्यूबच्या) मशीनमध्ये झाकणाला कॅमेरा लावायची पद्धत जास्त दिसते. तिचे दोन प्रकार आहेत. झाकण बंद असताना आतून बघणारा कॅमेरा लावला तर तो बेडपासून जेमतेम २०० ते २५० मिमीवर येतो, म्हणून त्याला १२० अंशाची लेन्स लागते. झाकण उघडं असताना वरून बघणारा लावला तर उंची भरपूर मिळते आणि लेन्स साधी चालते. मला दुसरा प्रकार पसंत आहे. पण त्यात एक अट आहे: झाकण दर वेळी अगदी त्याच कोनात थांबलं पाहिजे. त्यात एक दशांश अंशाचा जरी फरक पडला तरी ६०० मिमी अंतरावर तो एक मिलिमीटर होतो. गॅसच्या दांड्यावर भरवसा ठेवू नका. तो जुना झाला की सैल पडतो आणि झाकण रोज थोडं खाली राहतं. लोखंडी पट्टीचा टेका करा, किंवा झाकण मागं जाऊन टेकेल असे दोन्ही बाजूंना बोल्ट लावून नटानं आवळा. बिजागरीत खेळ आहे का ते हातानं हलवून बघा. असेल तर आधी ती बदला.

सर्वांत भरवशाचा मार्ग म्हणजे मशीनच्या मागच्या बाजूला पक्की केलेली कमान. २०२० (२० बाय २० मिमीच्या) अॅल्युमिनियम प्रोफाइलचे दोन उभे खांब, वर एक आडवा, मधोमध कॅमेरा. उघड्या सांगाड्याच्या डायोड मशीनला तर हाच उपाय. उंच खांब डोलतात, म्हणून तिरपा आधार द्यायला विसरू नका. बोटानं टिचकी मारून स्क्रीनवर बघा. चित्र हलून लगेच थांबलं तर ठीक. हेलकावत राहिलं तर आधार कमी आहे.

इंजिनिअरिंग कॉलेजच्या लॅबमध्ये, किंवा पाबळच्या विज्ञान आश्रमासारख्या ठिकाणी, जिथं २००२ पासून फॅब लॅब (अनेकांना वापरता येणारी यंत्रशाळा) आहे, एकच मशीन अनेक हात वापरतात. अशा मशीनवर झाकणाचा प्रकार टाळून कमानच करावी. कोण झाकण कसं आपटेल याचा नेम नसतो.

ब्रॅकेट थ्रीडी प्रिंट करणार असाल तर पीएलए वापरू नका. ते ६० अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडतं, आणि त्याआधीच वजनाखाली हळूहळू वाकायला लागतं. भोसरीच्या पत्र्याच्या शेडमध्ये मे महिन्याची दुपार काढलेल्याला हे पटेल. पीईटीजी किंवा एबीएस चालेल. दोन मिलिमीटरची लोखंडी पट्टी वाकवून केलेलं ब्रॅकेट सगळ्यांत स्वस्त आणि मस्त.

कॅमेरा बेडच्या मधोमध आणायला गवंड्याचा ओळंबा वापरा. लेन्सशेजारून दोरा सोडा, बेडवर दोन कर्णांच्या दोऱ्या ताणून मध्य काढा, आणि दोन्ही जुळेपर्यंत ब्रॅकेट सरकवा. थोडा तिरपा राहिला तर सॉफ्टवेअर सांभाळून घेतं, पण सरळ खाली बघणाऱ्या कॅमेऱ्यात बेडभर चूक सारखी वाटली जाते आणि पुढं ती वाचायला सोपी पडते.

वायरिंग करताना एक गोष्ट जिवाची आहे. सीओटू ट्यूबच्या लाल वायरमध्ये हजारो व्होल्टचा दाब असतो, वीस हजार किंवा त्याहूनही जास्त. मशीनचा प्लग काढल्याशिवाय मागचं झाकण उघडू नका, आणि यूएसबी केबल त्या वायरपासून शक्य तितकी लांबून न्या. जवळून नेली तर लेझर चालू होताच कॅमेरा डिस्कनेक्ट होण्याचे प्रकार होतात. झाकणाला भोक पाडायचं असेल तर ते कॅमेऱ्यानं आणि गास्केटनं पूर्ण बंद झालं पाहिजे. झाकणाचा इंटरलॉक (झाकण उघडताच लेझर बंद करणारा स्विच) काढून टाकून कॅमेऱ्याचं काम सोपं करायची अक्कल काही जण देतात. ती घेऊ नका. सीओटूचा किरण १०,६०० नॅनोमीटरचा, तो अॅक्रिलिकच्या झाकणात अडतो. डायोडचा निळा किरण ४५० नॅनोमीटरच्या आसपासचा असतो, तो पारदर्शक अॅक्रिलिकमधून सरळ बाहेर येतो. त्यासाठी त्या तरंगलांबीचाच चष्मा लागतो.

फोकस आणि उजेड

बेडवर वर्तमानपत्राचं पान ठेवा आणि बारीक अक्षरं स्पष्ट दिसेपर्यंत लेन्सची रिंग फिरवा. पान हनीकोंबवर (बेडच्या जाळीवर) टाकण्याऐवजी जिथं नेहमी मालाचा वरचा पृष्ठभाग येतो त्या उंचीवर धरा. फोकस मिळाला की रिंगेचा बारीक स्क्रू आवळा, नसेल तर नेलपॉलिशचा एक थेंब टाका. यापुढं ही रिंग हलली तर सगळं पहिल्यापासून.

उजेडाचा प्रश्न खरा येतो तो चकचकीत अॅक्रिलिकवर. वरची ट्यूबलाइट त्यात आरशासारखी दिसते आणि तुकड्याची कड हरवते. एलईडी पट्टी बेडच्या दोन्ही बाजूंनी, आडवी आणि खालच्या अंगानं लावली तर चमक कॅमेऱ्याकडं येत नाही. पारदर्शक अॅक्रिलिकवरचा कागद काढूच नका. कॅमेऱ्याला कड दिसायला तोच कामी येतो.

लेन्सचं कॅलिब्रेशन

प्रत्येक लेन्स सरळ रेषा थोड्या वाकवते, कडेला जास्त. ती वाकवणूक किती आहे हे सॉफ्टवेअरला शिकवणं म्हणजे लेन्सचं कॅलिब्रेशन. यात मशीनचा काही संबंध नसतो. कॅमेरा बसवायच्या आधी टेबलावरही हे करता येतं, पण फोकस अंतिम झालेला हवा.

लाइटबर्नमधल्या नेहमीच्या पद्धतीत ठिपक्यांचा नमुना छापून घ्यायचा असतो. लेझर प्रिंटरवर साध्या मॅट कागदावर छापा. कागद अगदी सपाट राहणं सर्वांत महत्त्वाचं, म्हणून तो तीन मिलिमीटर एमडीएफवर किंवा अप्पा बळवंत चौकात मिळणाऱ्या जाड माउंट बोर्डवर एकही फुगा न येऊ देता चिकटवा. फेव्हिकॉलनं कागद ओला होऊन सुरकुततो. ग्लू स्टिक किंवा दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप बरी.

मग ‘कॅलिब्रेट कॅमेरा लेन्स’ उघडा, आपला कॅमेरा निवडा, साधी लेन्स आहे की फिशआय ते सांगा, आणि प्रोग्रॅम सांगेल त्या जागी कार्ड धरत जा: मध्ये, कडांना, कोपऱ्यांत. कोपऱ्यात कार्ड थोडं कॅमेऱ्याकडं कलतं करा. वेगवेगळ्या जागा आणि कोन कशासाठी, तर एकाच सपाट नमुन्याचे अनेक कोनांतून घेतलेले फोटो मिळाले की त्यावरून लेन्सची सगळी वाकवणूक गणितानं काढता येते. ही पद्धत झेंगयू झांग यांनी २००० साली मांडली, आणि आज बहुतेक कॅमेरा कॅलिब्रेशन याच वाटेनं जातं. एकाच कोनातून नऊ फोटो दिले तर गणिताला नवी माहिती मिळतच नाही.

दर फोटोला एक आकडा येतो. तो शून्याकडं जितका जवळ तितकं चांगलं. ०.३ च्या आत म्हणजे उत्तम, १ च्या वर गेला तर तो फोटो पुन्हा घ्या. आकडा खाली येत नसेल तर बहुतेक वेळा कागद वाकलेला असतो, नाहीतर हात हलतो. कार्ड हातात धरण्यापेक्षा डब्यावर किंवा लाकडाच्या ठोकळ्यावर टेकवा आणि कॅप्चर दाबायच्या आधी दोन सेकंद थांबा.

शेवटी दाखवलेल्या चित्रात बेडची कड पट्टी लावल्यासारखी सरळ दिसली पाहिजे. दिसत नसेल तर पुढं जाऊ नका. आणि हे सगळं ज्या रिझोल्युशनवर केलं त्याच रिझोल्युशनवर पुढं कॅमेरा वापरा. ते बदललं तर हिशेब चुकतो.

आवृत्तीप्रमाणं लाइटबर्नच्या खिडक्या आणि नमुने बदलत असतात, त्यामुळं तुमच्या स्क्रीनवर थोडं वेगळं दिसलं तर गडबडू नका. मीरके४०टीसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्येही कॅमेऱ्याची सोय आहे. क्रम सगळीकडं हाच: आधी लेन्स, मग मशीनशी जुळणी.

मशीनशी जुळणी, म्हणजे अलाइनमेंट

आता कॅमेरा शेवटच्या जागी, नट आवळलेले, झाकणाचा टेका पक्का. बेडवर एक मोठी, सपाट, फिकट रंगाची शीट ठेवा. तीन मिलिमीटर एमडीएफ उत्तम. जाड पुठ्ठा चालेल, पण कोपरे उचललेला पन्हाळीचा पुठ्ठा नको. तुम्ही नेहमी ज्या जाडीवर काम करता तीच जाडी इथं घ्या, आणि हेड त्यावर व्यवस्थित फोकस करा.

‘कॅलिब्रेट कॅमेरा अलाइनमेंट’ चालवलं की मशीन शीटवर चार आकडेवाल्या खुणा कोरतं. पॉवर आणि वेग असे ठेवा की खूण काळी, बारीक आणि स्पष्ट यावी. खोल जळाली तर कडा पसरट होतात आणि मध्य सापडत नाही. खुणा शक्य तितक्या दूरदूर, बेडच्या कोपऱ्यांकडं जातील असा आकार निवडा. जवळजवळ असलेल्या चार खुणांवरून लांबच्या कोपऱ्याचा अंदाज बांधला की चूक तिथं जाऊन मोठी होते.

कोरून झाल्यावर शीटला हात लावायचा नाही. धूर जाऊ द्या, हेड होमला पाठवा म्हणजे खुणा झाकल्या जाणार नाहीत, झाकण टेक्यापर्यंत उघडा, फोटो घ्या. चित्र मोठं करून चारही खुणांचे मध्य क्रमानं नेमके टिपा. इथं घाई करणाऱ्याला पुढं दंड बसतो. एक पिक्सेल म्हणजे पाव मिलिमीटर, चार पिक्सेल चुकलात तर एक मिलिमीटर इथंच गेला.

खरं खोटं तपासणं

जुळणी झाल्यावर लोक कौतुकानं मध्यभागी एक चौकोन कोरून बघतात, तो बरोबर येतो, आणि काम संपलं समजतात. मध्यभागी जवळजवळ कुठलीही जुळणी बरी दिसते. खरी परीक्षा कोपऱ्यांत.

शीटवर पाच ठिकाणी, चार कोपरे आणि मध्य, पेननं बारीक अधिकचं चिन्ह काढा. ‘अपडेट ओव्हरले’ दाबून चित्र ताजं करा. सॉफ्टवेअरमध्ये तेवढंच अधिकचं चिन्ह काढून पाचही जागी बसवा आणि हलक्या पॉवरवर कोरा. आता पेनची खूण आणि जळालेली खूण यांतलं अंतर आणि दिशा कागदावर लिहा. आकड्यापेक्षा दिशा जास्त बोलते.

पाचही ठिकाणी चूक सारखीच आणि एकाच दिशेला असेल, समजा सगळीकडं उजवीकडं ०.८ मिमी, तर पुन्हा काहीच जुळवायची गरज नाही. कॅमेरा कंट्रोलच्या खिडकीत एक्स शिफ्ट आणि वाय शिफ्ट असतं, तिथं तेवढा आकडा भरा. मध्य बरोबर आणि कोपरे चारही दिशांना बाहेर किंवा आत जात असतील, तर जवळजवळ नक्की उंचीची चूक आहे. ती पुढं घेऊ. दोन कोपरे बरोबर आणि दोन चुकलेले असतील, तर एखाद्या खुणेचा मध्य चुकीचा टिपला गेलाय किंवा कोरल्यानंतर कॅमेरा कलला. अलाइनमेंट पुन्हा करा. कोपरे बरोबर पण कडांचे मधले भाग चुकत असतील तर लेन्सचं कॅलिब्रेशन कच्चं राहिलंय. ही शेवटची चूक पाच खुणांत दिसत नाही, कडांच्या मध्यावर आणखी चार काढाव्या लागतात.

आणि तीच तपासणी लागोपाठ तीनदा केल्यावर तिन्ही वेळा वेगवेगळी उत्तरं आली, तर सॉफ्टवेअर बंद करून पाना हातात घ्या. काहीतरी सैल आहे: ब्रॅकेट, बिजागरी, पट्टा किंवा लिमिट स्विच. झाकण न हलवता दोन चाचण्या करा, मग झाकण उघडझाप करून दोन. फरक कुठं पडतो ते लगेच कळतं.

देवनागरी पाट्या करणाऱ्यांनी एक जादा चाचणी करावी. २०० मिमी लांबीची एक सरळ कड असलेली पट्टी बेडवर मुद्दाम तिरकी ठेवा, तिच्या कडेला समांतर एक लांब रेघ बसवा आणि कोरा. अर्ध्या अंशाचा फरकसुद्धा या लांबीवर पावणेदोन मिलिमीटर होतो. इंग्रजी अक्षरांत तो एक वेळ खपतो. आपल्याकडं शिरोरेषा पाटीच्या कडेशी समांतर नसली की रस्त्यावरून दिसतं. आणि पुण्यात पाटी वाकडी असेल तर कुणीतरी आत येऊन सांगून जातं.

जाडी: सगळ्यात जास्त फसवणारी गोष्ट

कॅमेरा एका बिंदूतून खाली बघतो. त्याच्या बरोबर खाली असलेली वस्तू जाड असो की पातळ, जागच्या जागी दिसते. पण कडेची वस्तू तो तिरकस बघतो, आणि तिचा वरचा पृष्ठभाग जेवढा उंच तेवढी ती चित्रात बाहेर सरकलेली दिसते. भिंतीवरचं घड्याळ बाजूनं बघितलं की काटा पुढच्या मिनिटावर वाटतो, तसंच.

किती सरकते याचा हिशेब सोपा आहे. मध्यापासूनचं अंतर गुणिले उंचीतला फरक, भागिले कॅमेऱ्याची मालापासूनची उंची. कॅमेरा जुळवलेल्या पातळीपासून ६०० मिमी वर, वस्तू मध्यापासून ३०० मिमीवर, आणि माल त्या पातळीपेक्षा ६ मिमी जाड: ३०० गुणिले ६ भागिले ५९४, म्हणजे तीन मिलिमीटरला किंचित जास्त. हीच चूक झाकणाच्या आत २२० मिमीवर असलेल्या कॅमेऱ्यात आठ मिलिमीटरच्या पुढं जाते. म्हणून वर म्हटलं, जवळचा कॅमेरा नको.

यावर सर्वांत चांगला इलाज सॉफ्टवेअरमध्ये नाहीच. ज्या मशीनचं बेड वर-खाली होतं, तिथं दर कामाआधी फोकसच्या ठोकळ्यानं मालाचा वरचा पृष्ठभाग हेडपासून ठरलेल्या अंतरावर आणा. कॅमेरा सांगाड्यावर आहे, हेडची उंची पक्की आहे, त्यामुळं पृष्ठभाग दर वेळी कॅमेऱ्यापासूनही त्याच अंतरावर येतो आणि जाडीची चूक उरत नाही. एवढं सरळ आहे. फक्त क्रम पाळायचा: आधी फोकस, मग अपडेट ओव्हरले. उलटं केलं तर चित्र जुन्या उंचीचं राहतं.

डायोड मशीनमध्ये बेड जागचं हलत नाही, हेडच वर-खाली होतं. तिथं उलट उपाय करा. ज्या जाडीवर जुळवलं ती कायमची धरा आणि पातळ मालाखाली एमडीएफचे तुकडे घालून वरचा पृष्ठभाग त्या पातळीला आणा. दोन-तीन ठरावीक जाड्यांचे आधार कापून त्यांच्यावर आकडा कोरून ठेवला की काम पटापट होतं. पोळपाटासारखी जाड वस्तू आली तर ती मध्यभागी, कॅमेऱ्याच्या बरोबर खाली ठेवा. तिथं जाडीची चूक जवळजवळ शून्य असते.

पावसाळ्यात हीच चूक वेष बदलून येते. जुलैत दमट हवेत एमडीएफ आणि प्लाय फुगतात, शीटचा कोपरा तीन-चार मिलिमीटर सहज उचलला जातो, आणि नेमका कोपराच कॅमेऱ्याला सर्वांत तिरकस दिसतो. लोखंडी हनीकोंब असेल तर जुन्या हार्ड डिस्कमधले चुंबक कोपऱ्यांवर ठेवा. अॅल्युमिनियमच्या हनीकोंबवर चुंबक धरत नाहीत, तिथं खिळ्याच्या आकाराच्या पिना खोचाव्या लागतात. चुंबक हेडच्या वाटेत येत नाहीत ना, ते फ्रेम दाबून बघा. शीट आडवी, सपाट रचून ठेवली तर मुळात वाकतच नाही, पण छोट्या गाळ्यात ती भिंतीला टेकवूनच ठेवली जाते हेही खरंय.

रोजच्या वापरात

एमडीएफ कापताना निघणारा चिकट धूर लेन्सवर बसतो. चित्र हळूहळू धुरकट होत जातं, त्यामुळं ते लक्षात येत नाही. कापताना लेन्सवर टोपी सरकवता आली तर उत्तम. नसेल तर आठवड्यातून एकदा आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि चष्म्याच्या कापडानं, लेन्सवर जोर न देता पुसा. झाकणावरचा कॅमेरा पुसताना एक हात झाकणाला आधाराला ठेवा.

पाच खुणांची चाचणी एका एमडीएफच्या तुकड्यावर छापून मशीनशेजारी अडकवून ठेवा, आणि मशीन उचललं, हलवलं किंवा पट्टे आवळले की ती एकदा करा. गणपतीच्या आधीच्या धांदलीत मखरांच्या शीटवर शीट निघत असतात, तेव्हा तर सकाळी पहिल्या शीटआधी ही पाच मिनिटं काढाच.

काय हललं यावर काय पुन्हा करायचं ते ठरतं. बेडची शीट बदलली, वीज जाऊन आली आणि होम नीट झालं, तर काही नाही. कॅमेरा किंवा झाकण हललं, लिमिट स्विच सरकला, तर फक्त अलाइनमेंट. फोकसची रिंग फिरली किंवा लेन्स बदलली, तर लेन्सचं कॅलिब्रेशन आणि त्यानंतर अलाइनमेंट, दोन्ही.